दोन बाबा

आईला औषध देताना चमच्याच्या शेजारी आणखी एक चमचा आला. आला म्हणजे कुणी आणून ठेवला नाही. पहिला चमचा होता तिथेच होता, हातात, घट्ट. आणि त्याच्या डाव्या अंगाला, जरा वर, जरा कलंडलेला, पुसायचा राहून गेल्यासारखा फिकट असा दुसरा चमचा हवेत उभा होता. तिने बाटली वाकडी केली आणि औषध नेमकं त्या दुसऱ्या चमच्यात ओतलं. ते अर्थातच आईच्या मांडीवर सांडलं. आई म्हणाली, अगं लक्ष कुठे आहे तुझं. आणि ती हसत हसत बोलून गेली, दोन चमचे दिसले गं मला. हे बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर तिला कळलं. आई रागावली नाही, काय झालं म्हणून घाबरलीही नाही. तिने फडकं घेऊन मांडी पुसायला सुरुवात केली आणि लुगड्याचा तो भाग कोरडा झाला तरी पुसतच राहिली.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची. डॉक्टर म्हणून नव्हे. डॉक्टर डोळ्याच्या आत बघतात. हिचं काम दोन डोळ्यांच्या मधलं. तिरळे डोळे, आळशी डोळे, वाचताना ओळ सोडून पळणारे डोळे, एकमेकांशी अजिबात न पटणारे डोळे, असे सगळे मागच्या अरुंद खोलीत तिच्याकडे यायचे. तिथे एक लांब टेबल, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि कोपऱ्यात दोन नळ्यांचं जुनं यंत्र. एका नळीत पक्ष्याचं चित्र, दुसरीत पिंजऱ्याचं. मुलाने दांडा हलवत हलवत पक्षी पिंजऱ्यात आणून बसवायचा. दोन्ही डोळे मिळून चालत असतील तर पक्षी बसतो. नसतील तर कुणाला नुसताच पिंजरा दिसतो, कुणाला नुसताच पक्षी, आणि एखाद्याचा पक्षी पिंजऱ्याच्या दारापर्यंत येऊन उलटा फिरतो. मुलं तिला पट्टीबाई म्हणायची, कारण चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला जुंपायचं ते तीच, आणि पट्टी लावली रे लावली की मुलं भोकाड पसरायची. आयासुद्धा तिला दबून असत. मध्ये पट्टी काढली होतीत ना, असं तिने विचारलं की आई आणि मूल दोघंही एकदमच जमिनीकडे बघायला लागत. डोळ्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा तिचा समज होता, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

खुद्द तिचा डावा डोळा मात्र लहानपणीच कामातून गेलेला. गेलेला म्हणजे आंधळा नव्हे. तो नाकाकडे किंचित वळलेला होता, चष्म्याआड ते झाकून जाई. त्याला दिसायचंही, पण मेंदू त्याचं ऐकून घेत नव्हता. घरात एखादे काका असतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दिवसभर काही ना काही सांगत असतात आणि येणारे-जाणारे हो हो म्हणत पुढे जातात, तसं. दोन डोळे दोन गोष्टी सांगायला लागले की लहान मुलाचा मेंदू फार घोळ घालत बसत नाही, एकाचं म्हणणं कायमचं दाबून टाकतो आणि मोकळा होतो. हे ती आयांना इतक्यांदा समजावून सांगायची की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. वेळेवर पट्टी लावली आणि नेटाने चालू ठेवली तर डोळा वाचतो. अर्ध्यावर सोडली तर गेला. आणि मोठेपणी तो उठवायला जायचं नसतं, कारण उठला आणि दुसऱ्याशी जुळला नाही, तर माणसाला जन्मभर सगळं दोन-दोन दिसत राहतं. म्हणून तिच्या खोलीचा एक नियम होता, तिनेच घातलेला: पुरत्या तपासणीशिवाय कुठल्याही मोठ्या माणसाच्या हातात मण्यांची दोरी द्यायची नाही.

ती दोरी म्हणजे अगदी साधी वस्तू. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं, मध्ये तीन रंगीत मणी ओवलेले. एका मण्याकडे टक लावून बघितलं की मणी एकच दिसायला हवा, पण दोऱ्या दोन, मण्यापाशी एकमेकींना छेदून जाणाऱ्या. फुली दिसतेय का, असं ती मुलांना विचारायची. कुणी हो म्हणालं की शाबासकी द्यायची. स्वतः तिने ती फुली आयुष्यात पाहिली नव्हती. तिला एकच दोरी दिसायची, सरळ, रुक्ष, नाकापासून दारापर्यंत. पोहता न येणाऱ्याने काठावर उभं राहून पोरांना हात-पाय मारायला शिकवावं तसं चाललं होतं आणि त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. मग गेल्या थंडीत एका दुपारी पेशंट नव्हते, दोरी कडीला बांधलेलीच होती, आणि तिने सहज म्हणून टोक नाकाला लावलं. एकदा तरी दिसावी, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. दार लोटून घेऊन, कुणी आलं तर चटकन दोरी गुंडाळता येईल अशा बेताने, चोरून. कुणा पेशंटने हे केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. बऱ्याच दिवसांनी एकदा दोरीच्या शेजारी धूर तरंगावा तसं काहीतरी तरंगलं, आणि बघता बघता त्या धुराची दोरी झाली, मण्यातून आरपार गेली. तिच्या डोळ्यांना धार लागली. दोन्ही डोळ्यांना. त्या दिवशी ती घरी गेली ती एखाद्या पोरीसारखी, रस्त्याने स्वतःशी हसत. तो धूर खोलीतून आपल्याबरोबर बाहेर पडेल, हे ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

चमच्यानंतर सगळंच सुरू झालं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या डावीकडे आणखी एक पायरी, पाय ठेवला तर हवा. रस्त्यावरच्या खांबांना सोबती. दवाखान्याच्या दाराला दोन मुठी, त्यातली एक हाताला लागायची नाही. समोरून येणाऱ्या माणसाच्या खांद्याशी त्याचाच कुणी पुसट भाऊ चालायचा, आणि तो किंचित मागून हलतोय असं उगाच वाटायचं. दिवसभर तिच्या कपाळात कुणीतरी अंगठा दाबून धरलेला असे. पण या सगळ्याची सवय झाली असती. सवय होईना ती घरी आल्यावर. खिडकीपाशी खुर्चीत आई बसलेली असायची, काठी भिंतीला टेकवून, आणि तिच्या डावीकडे, जरा वर, दुसरी आई. त्या डोळ्याला बारीक काही दिसत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या आईच्या चेहऱ्यावर सुरकुत्या नव्हत्या. केस पांढरे की काळे तेही नीट कळायचं नाही. तिला ती तरुण दिसायची. आपण सहा वर्षांच्या असताना आई जशी होती तशी. आणि ती दुसरी काही बोलायची नाही, नुसती बघायची. आईच्या हातात कप देताना त्या तरुण बाईकडे आपलं लक्ष जातंय, हे आईच्या लक्षात येतंय, असंही तिला वाटायला लागलं. मला काय बघतेस अशी, असं आई एकदा म्हणालीही. तिने काही नाही म्हणून वेळ मारून नेली.

शेवटी डॉक्टरनेच तिला धरलं. ही डॉक्टर तिच्याहून पुष्कळ लहान. शिकायला आली तेव्हा डोळ्यापुढे प्रिझमची काच कशी धरायची ते हिनेच दाखवलेलं, त्यामुळे अजून तिला ताई म्हणायची. ताई, तुम्ही काल मुलाच्या हातात काच द्यायच्याऐवजी शेजारच्या हवेत दिलीत, असं म्हणत डॉक्टरने तिला तिच्याच स्टुलावर बसवलं. उजव्या डोळ्यावर लाल आणि डाव्यावर हिरवी काच असलेला चष्मा चढवला आणि समोर चार दिव्यांची पेटी लावली. किती दिवे दिसतात? परीक्षकालाच पेपर लिहायला बसवावं तसा प्रकार. ज्याचा डावा डोळा दाबलेला असतो त्याला दोन दिसतात, लाल. तिला जन्मभर दोनच दिसत आले होते. आता समोर पाच होते, दोन लाल आणि तीन हिरवे, पाचही तिच्याकडे बघत. दोन, ती म्हणाली.

"ताई, खरं सांगा," डॉक्टर म्हणाली. "जो विचारायच्या आत उत्तर देतो त्याला उत्तर पाठ असतं. तुम्हीच शिकवलंय मला."

मग तिने पाच म्हणून सांगितलं, मण्यांचंही सांगितलं. डॉक्टर ओरडली नाही, हे जास्त लागलं. एक डोळा झाकला की दुसरं जातं ना, असं डॉक्टरने रिवाजाप्रमाणे विचारलं, कारण दोन दिसण्याची तक्रार घेऊन कुणीही आलं तरी पहिला प्रश्न हाच असतो. आणि जातं, असं हिने रिवाजाप्रमाणेच सांगितलं. मग डॉक्टर एकामागून एक काचा धरत गेली, दोन्ही चित्रं एकत्र येतात का बघायला. चित्रं जवळ येत होती. दिव्याशेजारचा दिवा सरकत सरकत इतका जवळ आला की आता मिळणारच, असं वाटून तिने श्वास धरला. आणि तो न मिळताच पलीकडे निघून गेला, रस्त्यात ओळख न दाखवता जाणाऱ्या नातेवाइकासारखा. उलट सरकवलं तरी तेच. जुळणार नाही हे दोघींनाही कळलं. डॉक्टरने खणातून दुधी चिकटफितीचा तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, चष्म्याच्या डाव्या काचेवर आतून लावा, दुसरं पार जाईल. आठवडाभरात लावली नाहीत तर मुलांना हात लावू देणार नाही, जिन्यावरून पडाल ते वेगळंच. ती बरं म्हणाली. तुकडा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि तिथेच राहू दिला. रोज सकाळी काढायची, बघायची, परत ठेवायची. तिला त्या डोळ्याची दया येत होती. इतक्या वर्षांनी बिचारा काहीतरी सांगायला तोंड उघडतोय आणि आपण लगेच त्याच्या तोंडावर हात ठेवायचा, हे तिच्याने होईना.

तसं तिच्या घरात डोळ्यांचं दुखणं म्हणजे विनोदाचा विषय. सुरुवात तेव्हाही चमच्यापासूनच झाली होती. सहा वर्षांची असताना जेवता जेवता तिने दोन चमचे दिसतात म्हणून सांगितलं, आईने तिला थंड हातांच्या एका म्हाताऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि उजव्या डोळ्यावर पट्टी आली. तेव्हा विकत मिळायच्या नाहीत. आई कापसाची घडी करायची, वर चिकटपट्टी, आणि कोपरे टोचू नयेत म्हणून कात्रीने गोल कापायची. रात्रंदिवस ठेवायची, फक्त आंघोळीनंतर बदलायची. त्याच थंडीत बाबा गेले. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेले आणि तिकडेच तापाने वारले, असं तिला पुढे कधीतरी सांगण्यात आलं. पण जाताना तिने त्यांना पाहिलं होतं. पहाटे जाग आली, बाहेरच्या खोलीचं दार उघडं होतं, जिन्यावरचा दिवा लागला होता, आणि बाबा खाली उतरत होते. दोन बाबा. दोघांच्याही अंगात कोट, दोघांच्याही कॉलर वर केलेल्या, दोघंही पाय न वाजवता चाललेले. तिने हाक मारली नाही. गंमत वाटली होती की भीती, ते आता आठवत नव्हतं. सकाळी तिने सगळ्यांना सांगितलं, बाबा गेले, दोन बाबा गेले. आणि आई म्हणाली, अगं, तुला सगळंच दोन दिसतं. पुढे तो घरातला ठेवणीतला किस्सा झाला. चार माणसं जमली की आईच सुरुवात करायची, हिला तर बापसुद्धा दोन दिसायचे, आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायची. मामा तर शेवटपर्यंत तिला डबल म्हणायचा. काय डबल, कशी आहेस. मोठी झाल्यावर ती स्वतःही शिकाऊ पोरींना हे सांगायची, दोन दिसणं म्हणजे काय ते समजावून द्यायला, आणि पोरी खिदळायच्या. एकीलाही कधी काही विचारावंसं वाटलं नाही. तिला स्वतःला तर नाहीच नाही.

फितीचा तुकडा पर्समध्ये असतानाच एक मुलगी आली. पाच-सहा वर्षांची, दात पडलेला, उजव्या डोळ्यावर पट्टी, त्या पट्टीवर घरच्यांनी पेनाने फुलपाखरू काढलेलं. मुलीची आई भलतीच बोलकी होती, पट्टीमुळे पोरीला काही धड दिसत नाही, उगाच छळ, असं तिचं चाललं होतं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीला रंग देणं चालू होतं. ते बघ दोन काका, मुलगी म्हणाली. तिची आई म्हणाली, दोन कुठले, एकच आहे, बघा ना पट्टीबाई, आता हिला दोन-दोन दिसायला लागलं. आणि पट्टीबाई, खाली मान घालून नव्या पट्टीचा कागद सोलता सोलता, हजार वेळा म्हटलेलं वाक्य हजार एकाव्यांदा म्हणाली.

"एक डोळा झाकलेला असताना दोन दिसत नाहीत. दोन दिसले तर ते खरंच दोन असतात."

परांचीच्या फळीखालून दुसरा रंगारी बाहेर आला, डबा घेऊन. अय्या, होते की, असं म्हणून मुलीची आई हसली. पट्टीबाईच्या हातातली पट्टी मात्र सोललेल्या बाजूने तिच्याच बोटांना चिकटून बसली होती आणि ती सुटी करायचं तिला सुचत नव्हतं. मुलगी पट्टीबाई, पट्टीबाई म्हणून तिचा पदर ओढत होती. त्या पहाटे जाग आली ती पट्टीने आली होती. भुवईच्या केसांत चिकटलेली कड रात्री कशी कोण जाणे ओढली गेली होती आणि आग होत होती, म्हणून ती उठली होती; उंबऱ्यात उभं राहून ती हाताने पट्टी दाबून धरत होती, कारण सुटली तर आई रागावेल. हे ती कधी विसरली नव्हती. भुवईची ती आग इतकी वर्षं तिथेच होती, दोन बाबांच्या शेजारी, हात लावला तर लागेल एवढ्या अंतरावर. आणि जी बाई दिवसातून दहा वेळा लोकांना विचारत होती की एक डोळा झाकल्यावर दुसरं जातं का, तिने ते स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. उजवा डोळा झाकलेला होता. बघत होता तो एकटा डावा, हाच, आळशी, पुसट दिसणारा. त्याला चेहरे ओळखू आले नसते. दोन कोट दिसले असते, आणि बाबांचेच कोट होते दोन, एक तपकिरी, एक राखाडी, दाराशेजारच्या दोन खुंट्यांवर टांगलेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या. थंडीत माणूस दोन कोट नेणारच, असं आई म्हणाली होती. एक माणूस दोन कोट अंगात घालून, दोन ठिकाणी, जिना कसा उतरेल?

त्या दिवशी ती घरी चालत गेली. रस्ता दुहेरी झाला होता, पण आज तिने त्याकडे पाहिलंच नाही. बाबा गेले तेव्हा घरात आणखी एक माणूस होतं. मावशी, आईची धाकटी बहीण, टायपिंगच्या क्लासासाठी त्यांच्याकडे राहायला आलेली. केस पुसताना गाणं म्हणायची, हिला पाठुंगळीला घ्यायची, बाबांना चिडवायची. मावशीचं लग्न झालं, फार लांब दिलंय, ती आता येत नाही, हे हिला सांगितलं गेलं ते निराळ्या दिवशी, निराळ्या खोलीत, निराळ्या आवाजात. आणि ते तिने निराळ्या कप्प्यात ठेवलं. कप्पे शेजारी शेजारी होते. जुळत नाही म्हटल्यावर मेंदू एकाचं म्हणणं दाबून टाकतो. हे तिने किती आयांना सांगितलं होतं, आणि तेव्हा हिची आई घरी खिडकीपाशी बसून तिची वाट बघत असायची.

आताही बसली होती. संध्याकाळचं ऊन भिंतीवर होतं. तिने पर्स ठेवली, स्टूल ओढलं आणि आईसमोर बसली, जशी पेशंटसमोर बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. दोन्ही आया तिच्याकडे बघत होत्या. काय झालं, असं म्हातारीने विचारलं. तरुण गप्प होती.

"आई, बाबा गेले त्या पहाटे माझ्या डोळ्यावर पट्टी होती," ती म्हणाली. "जिन्यावर किती जण होते?"

आईने ताबडतोब उत्तर दिलं नाही. ज्याला उत्तर पाठ नसतं तो वेळ घेतो, एवढं तिला कळलं. आईचा हात काठीकडे गेला, काठी नुसती सरळ केली, परत आला.

"दोन," आई म्हणाली.

मग बोलली, हळूहळू, कुणा तिसऱ्या बाईचं सांगावं तसं. तिला आधी संशय होता, मग खात्री झाली, मग एक दिवस दोघंही नव्हती. ती त्या पहाटे जागीच होती, भिंतीकडे तोंड करून. आपल्या धाकट्या बहिणीला थंडी वाजेल म्हणून त्याने आपला कोट तिला दिला, हे तिला रिकाम्या खुंटीवरून कळलं, आणि सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं. नवरा मेला म्हटलं की लोक येऊन बसतात, ती म्हणाली. नवरा बहिणीबरोबर गेला म्हटलं की दारावरून हसत जातात. तेव्हा मामाला सांगितलं, मामाने तापाची बातमी आणली, आणि घर उभं राहिलं. राहता राहिली होती ती सहा वर्षांची पोर, जी भेटेल त्याला दोन बाबा म्हणून सांगत सुटली होती. मेले का ते खरंच, तिने विचारलं. आई म्हणाली, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही कुणाला, मग शोधणार कशी?

एवढं सगळं तिने ऐकून घेतलं. राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही; मावशीच्या ओल्या केसांचा वास आला. मग आई खाली बघत म्हणाली की अजून एक आहे, आणि ते ऐकल्यावर मला शिव्या घातल्यास तरी चालतील. बाबा गेल्यानंतर ती पोरीला घेऊन त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली होती, ठरलेल्या तपासणीला. डोळा सुधारत होता. डॉक्टर खूश होते, अजून थोडे महिने नेटाने करा म्हणाले. तेवढ्यात पोर म्हणाली, मला दोन बाबा दिसले.

"डॉक्टर म्हणाले, पट्टी होती ना? मग दोन कसे दिसतील? आणि माझ्याकडे बघितलं," आई म्हणाली. "मी तुला उठवलं आणि घरी आणलं. परत कधी नेलं नाही. त्या रात्रीच पट्टी काढून टाकली."

आता आला राग. अर्ध्यावर सोडली तर गेला, हे तिचं वाक्य, तिच्या रोजच्या भाकरीचं वाक्य, तिच्यावरच उलटलं. ते आपोआप बिघडलं नव्हतं, नशीब नव्हतं, आळस नव्हता. सुधारत होता डोळा. त्याला जे खरं दिसलं ते त्याने सांगितलं, म्हणून त्याला घालवलं; आणि वर जन्मभर त्याच्यावर हसले, हसण्यात ती स्वतःही होती. माझा डोळा होता गं तो, एवढंच तिला म्हणता आलं. हो, आई म्हणाली. तिने बचाव केला नाही. तिची हनुवटी हलत होती. दोन हनुवट्या हलत होत्या, एक सुरकुतलेली आणि एक गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत चेहऱ्याची बाई किती लहान आहे हे तिला आत्ता दिसलं. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरींच्या वयाची. भिंतीकडे तोंड करून पडलेली.

ऊन भिंतीवरून उतरलं. मग आईने डोळे पुसले आणि विचारलं की तुला परत दोन दिसायला लागलंय, मला चमच्याच्या दिवशीच कळलं, त्यावर तुमच्या दवाखान्यात काही आहे की नाही. तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून दुधी फितीचा तुकडा काढून दाखवला. ही डाव्या काचेवर लावायची, म्हणजे तो डोळा गप्प बसेल. आईने तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, त्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. ते टोकदार होते. आण कात्री, ती म्हणाली, मी लावते.

तिने कात्री आणली. पण फितीचा तुकडा आईच्या हातातून काढून घेतला आणि पर्समधल्या दवाखान्याच्या पट्ट्यांमधली एक पट्टी तिच्या हातात ठेवली, मुलांची, कापसाची. या वयात त्याचा कवडीचा उपयोग नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने चष्मा उतरवला.

"उजव्यावर लाव," ती म्हणाली. "लावायचीस तशी."

आईने कोपरे गोल कापले. बोटं वाकडी झाली होती, पण कात्री चुकली नाही. मग ती पुढे झुकली, भुवईचे केस अंगठ्याने वर सारले, आणि पट्टी नाकाच्या बाजूने दाबत दाबत बाहेर आणली, कडा कुठे सुटत नाहीत ना ते बघितलं. तिच्या श्वासाला औषधाचा वास होता. उजवीकडे काळोख झाला. डाव्या डोळ्यासमोर खिडकीचा पुसट पांढरा चौकोन उरला आणि त्याच्यापुढे बसलेलं, काठीला धरून थरथरणारं कुणीतरी.

"काय दिसतंय?" आईने विचारलं.

"तू," ती म्हणाली. "एकटीच आहेस."